अक्का, तुमच्या वर्षाचं काय?

अक्का, काल मी वाळूवर एकटीच गेले, आणि गेले ती नेमकी रविवारी. तुम्ही असता तर दरवाज्यातूनच हात धरून मागं फिरवलं असतंत. रविवारी लांबलांबून माणसं दीवला प्यायला येतात, त्या दिवशी बायामाणसांनी तिकडं फिरकायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पण तुम्ही गेल्यापासून मला वारच कळेनासे झालेत. उघडीबंब पोरं पाण्यात आरडत होती, बाटल्या लोळत होत्या, कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तटाच्या कडेकडेनं जाऊन त्या दोन खडकांच्या मधल्या आडोशाला बसले. तिथं लाट येता येताच दमते, आवाजसुद्धा मोठा करत नाही. बसले आणि मग लक्षात आलं, की आता भांडायला कोणी नाही.

तरी मी भांडायलाच आले होते. कान पकडून माफी मागायला आले असेन असं समजू नका.

लोक मला विचारतात, जावाजावांची एवढी माया कशी काय? मी सांगते, एका घरात राहावं लागलं नाही ना, म्हणून. विट्याकडची आपली माणसं सोनं गाळायला सगळ्या देशभर पांगली, त्यात आपल्या सासऱ्यांच्या वाट्याला हे समुद्रातलं तटबंदीचं गाव आलं. दुकान एक आणि भाऊ दोन. मग ठरलं, की एक वर्ष दादा आणि तुम्ही इथं भट्टी सांभाळायची, आम्ही गावी शेत, म्हशी, सासूबाई आणि दोन्ही घरची पोरं सांभाळायची. पुढच्या वर्षी उलटं. अक्षय तृतीयेची गर्दी उरकली की बदली. इथल्या मुक्कामाला आपण नुसतं वर्ष म्हणायचो. यंदा कुणाचं वर्ष? यंदा थोरलीचं. सगळं आयुष्य आपण एकमेकींच्या मागून चालत राहिलो, तुम्ही रिकाम्या केलेल्या खोलीत मी आणि मी रिकाम्या केलेल्या घरात तुम्ही.

म्हणजे मी तुम्हाला ओळखलं ते मिठाच्या डब्यावरून. इथं आले की बघायचे, खिडकीला दोरी कशी बांधलीय, पोळपाट कुठं टेकवलाय, फडताळात नवीन काय आलंय. माझ्या मागं तुम्ही गावी पोचलात की चार दिवसांत फोन यायचा, "सुमे, चुलीमागं उंदरांनी वाडा बांधलाय. तू वर्षभर काय डोळं मिटून भाकरी थापत हुतीस?" मी म्हणायचे, "आवं अक्का, तुमचेच उंदीर हायती ते, तुमची वाट बघत बसलेत." मग तुम्ही हसायचा. फोनवर तुमचं हसणं आधी यायचं आणि मग खोकला.

आणि पोरांचं तर सगळं आपण अर्धंअर्धंच केलं. तुमच्या रेखानं एक वर्ष तुमच्या हातचं खाल्लं, एक वर्ष माझ्या हातचं. तिच्या उवा मी काढल्या, पहिली साडी मी नेसवली, ताप तुमच्या वर्षात यायचा आणि रडणं माझ्या वर्षात. त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचा मला काही हक्क नाही असं कोणी म्हणू नये. तुम्हीही नाही.

बदलीच्या वेळी तेवढे दोन-तीन दिवस आपण चौघं एका खोलीत यायचो. भाऊ-भाऊ भट्टीपाशी बसून एकमेकांना काम समजावायचे, कुठली मूस तडकलीय, तेजाबाच्या बरण्या किती उरल्यात, कोणत्या सोनाराचे जुने डाग-दागिने गाळायचे राहिलेत. त्या एवढ्याशा जागेत मला दादांच्या समोरून पदर सावरत जायचं म्हणजे नको व्हायचं. थोरल्या दिराशी मी कधी सरळ बोलले नाही, आपल्यात तशी रीतच नाही. दादा ताटावर बसलेले असायचे आणि मी तुम्हाला विचारायचे, "अक्का, दादांना आमटी वाढू का?" तुम्ही वळून म्हणायचात, "आवं, ती इचारतीया आमटी वाढू का." दादा म्हणायचे, "वाढ म्हण." सगळ्यांना सगळं ऐकू यायचं, तरी तुमच्या तोंडून गेल्याशिवाय आमटी काही ताटात पडायची नाही. मग तुम्हालाच कंटाळा यायचा आणि तुम्ही म्हणायचात, "चल ऊठ, वाळूवर जाऊ. ह्यास्नी बसू द्या भट्टी उकरत."

त्या बोळातून आपण जायचो. चर्चची पांढरी भिंत, रंग उडालेली परदेशी घरं, सिंह कोरलेला तो तटाचा दरवाजा. बाहेर पडलं की ताडासारखी ती होक्याची झाडं आणि खाली वाळू. पहिल्या वर्षी मी समुद्र बघितला तेव्हा तोंडातून निघालं, "एवढं पाणी आन उपेग काय? प्यायला न्हाई, पिकाला न्हाई." आपल्याकडं टँकरच्या मागं कळशी घेऊन धावायचं आणि इथं हे सगळं नुसतं पडून. तुम्हाला ते फार लागलं. "सगळ्याचा उपेगच कशाला पायजे गं तुला?" म्हणालात. हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी अजून म्हणते, समुद्र मला कळत नाही.

पण त्या वाळूनं आपली केलेली फजिती मात्र तुम्ही कुणाला सांगू दिली नाहीत, ती आज सांगते. सोनारांच्या दुकानातला केर विकत आणायचा, जाळायचा, परातीत धुवायचा आणि तळाला बसलेले सोन्याचे कण काढायचे, ही कामं आपण बायकाच करायचो. डोळ्यांना सवयच लागली होती तळाला काय चमकतंय ते बघायची. एकदा ओहोटीला पाणी मागं गेलं आणि वाळूवर काळी चमचमती रेघ उमटली. तुम्ही खाली बसलात, चिमूट हातात घेऊन फिरवलीत आणि एकदम बारीक आवाजात म्हणालात, "सुमे, जड हाय गं." इथली सगळी माणसं रोज तिच्यावरून चालतात, आणि विट्याकडच्या दोन शहाण्या बायांनी ती पदराच्या ओटीत भरली! तटाच्या दरवाज्यातून आपण चोरासारख्या आलो. दुपारी भाऊ-भाऊ जेवून आडवे झाले तेव्हा धुतली, वाळवली आणि भट्टीत मुशीतसुद्धा घातलीत. निघाला काय, तर एक काळा काचेसारखा खडा, आणि मूस कामातून गेली ती वेगळी. दादांनी विचारलं, ही मूस कुणी फोडली? तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं बघितलं, आणि दोघींनी एकदम मांजराचं नाव घेतलं. इथं मांजर नव्हतंच.

इतकं हसलेय मी काल त्या खडकाशी बसून, की पलीकडच्या पिणाऱ्यांनी वळून बघितलं. मग तसंच रडू आलं. मी ते थांबवलं नाही.

तुम्ही साडीचा ओचा खोचून गुडघाभर पाण्यात जायचात, मी कधी पुढं आले नाही. एकदा तिथूनच म्हणालात, "हितं मला कुणी थोरली म्हणत न्हाई." तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. गावात लग्न असो, मयत असो, कुणाची म्हैस व्यालेली असो, सगळी तुमच्याकडं बघायची. थोरलीला विचारा. थोरलीनं काय म्हटलं? बदलीला आम्ही इथं आलो की त्या दोन-तीन दिवसांतच तुमचा चेहरा गावाकडचा व्हायला लागायचा, ते मी बघायचे. मला घरी जायची घाई असायची, तुम्हाला इथं यायची. एवढी सरळ गोष्ट होती तर तुम्ही कायम इथं आणि मी कायम गावी असं आपण का केलं नाही, याचं उत्तर मला कालसुद्धा सापडलं नाही. रीत मोडायचं डोक्यातच आलं नाही, एवढंच.

आता रेखाचं. मला माहीत आहे तुम्ही तिथवर येण्याचीच वाट बघताय.

गेल्या दिवाळीला ती साताऱ्याहून बॅग घेऊन आली आणि परत गेली नाही. जावई कंपनीत कामाला, पगार बरा, घर स्वतःचं. मी तुम्हाला फोनवर विचारलं, "मारतो का?" न्हाई. "पितो का?" न्हाई. "मग?" तुम्ही म्हणालात, "बोलत न्हाई गं तो तिच्याशी. म्हैनं म्हैनं बोलत न्हाई." मला ते कारण वाटलं नाही. खरं सांगते, अजूनही माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला ते कारण वाटणार नाही. मी म्हटलं, पुरुषाची जात, असतो एखादा घुम्या. तुम्ही त्यावर फोन ठेवलात.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं आणि सांगलीच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं. माघात आम्ही दोघं भेटायला आलो. इकडं लग्नसराई, दुकान शेजारच्यावर सोडून आलेलो. आळीपाळीनं एकेकानं तुमच्यापाशी बसायचं, बाकीच्यांनी बाहेर. माझी वेळ आली तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. हात कसला, काडी झाली होती त्याची.

"सुमे, यंदा माझं वर्ष हाय."

"व्हय की. बऱ्या व्हा आन या."

"मी न्हाई येत आता. माझं वर्ष रेखाला द्या. भट्टी येती तिला, लग्नाच्या आदी वर्षभर माझ्याजवळ शिकलीया. तिला तितं ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, "एकटी पोर, परका मुलूख, भट्टी आन तेजाब. सोनार सोनं देतील व्हय तिच्या हातात? आन एकदा ती तिकडं गेली की साताऱ्याचं दार कायमचं बंद हुईल, अक्का."

"ते बंदच हाय. तू भाईरनं बघतीस म्हून तुला उघडं दिसतंय."

"न्हाई अक्का. बाकी काय बी सांगा."

"दुसरं काय न्हाई मला सांगायचं," म्हणालात आणि मान भिंतीकडं केलीत. "जा तू. झोपू दे मला."

आम्ही दुकानासाठी परत आलो. पुढच्याच आठवड्यात फोन आला. समुद्रापल्याडच्या या टोकाहून बस, मग मुंबई, मग पुन्हा बस, आम्ही गावात पोचलो तेव्हा तुमचं सगळं होऊन गेलं होतं. तुमचं तोंड मी बघितलं ते भिंतीकडं वळलेलं, तेच शेवटचं. त्या गोष्टीसाठी मी कुणाला माफ करणार नाही, कुणाला ते मला माहीत नाही.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर सगळी भाऊबंदकी जमली. साताऱ्याहून जावईही आला. इस्त्रीचे कपडे, हातात हार. रेखा एका बाजूला झाडाखाली उभी होती, डोळे सुजलेले, नेसूचं पातळ चुरगाळलेलं. तो तिच्यासमोरूनच गेला. ती म्हणाली, "कवा आलासा?" त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि बघत उभा राहिला. राग नाही, तिरस्कार नाही, काहीच नाही. समोर माणूस आहे हेच जणू त्याला दिसलं नाही. आई मेलेल्या पोरीला एक शब्द नाही, अक्का. मी बघत होते. मग त्यानं हार ठेवला आणि पुरुषांत जाऊन बसला. रेखानं माझ्याकडं बघितलं, तिच्या तोंडावर साधं आश्चर्यसुद्धा नव्हतं.

तिथं माझं ठरलं. पिंड ठेवले की कावळा लवकर शिवायचा नाही, तुमचा जीव तर पोरीत अडकलेला, मग माणसं हात जोडून एकेक कबूल करायला लागतील, हे करू, ते बघू. तेव्हा आपण पुढं व्हायचं आणि चार माणसांत, देवा-ब्राह्मणासमोर, मोठ्यानं म्हणायचं, की अक्का, तुमचं वर्ष रेखाला. एकदा तिथं बोललेलं कुणाला मागं घेता येत नाही. तोंडात वाक्य जुळवून मी उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या पुढं बोलणार होते.

आणि तुम्ही काय केलंत? पिंड ठेवून गुरुजी चार पावलं मागं सरकतात न सरकतात तोच कावळा आला, शिवला, आणि भाताचं शीत घेऊन गेला. वाट बघणं नाही, विनवणी नाही. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. "भाग्याची गं थोरली. काय सुदीक मागं ऱ्हायलं न्हाई तिचं." बायका डोळे पुसत हसल्या. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. इतका राग आला मला तुमचा! जन्मभर माझ्याशी भांडलात, आणि जिथं मी हरायला तयार होते तिथं तुम्ही घटकाभर थांबला नाहीत.

झालं. कावळा शिवला म्हणजे काही इच्छा उरली नाही. त्याच संध्याकाळी भावाभावांनी ठरवलं, दादा आता गावीच राहणार, दुकान कायमचं आमच्याकडं, बदली बंद. मी आमच्या ह्यांना आडून सांगून बघितलं. हे म्हणाले, "सुटलीया ती. आता उकरू नगंस." आम्ही परत आलो. अक्षय तृतीया जवळ येतेय. सोनार डाग घेऊन येतात, भट्टी पेटते, आणि मला रोज वाटतं, मी दुसऱ्याच्या वर्षात राहतेय.

म्हणून काल वाळूवर आले. दुकानात फोन करता येत नाही, आमचे हे ऐकतात. त्या पिणाऱ्यांच्या गाण्यात कुणाला काही ऐकू जाणार नाही हे एक बरं होतं. मी तुमचाच नंबर लावला, तो आता दादांकडं असतो. पडद्यावर तुमचं नाव आलं. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि दादांचा आवाज आला.

"कोन?"

"मी. सुमन."

 दादा घाबरून म्हणाले, "धाकटा कुटं हाय? बरा हाय न्हवं?" त्यांना वाटलं, ह्यांचं काहीतरी बरंवाईट झालं. त्याशिवाय मी कशाला त्यांना फोन करेन!

"बरं हायती. दुकानात हायती. मलाच बोलायचं हुतं."

"बोल."

मी डोळे मिटून घेतले. "अक्कांचं वर्ष रेखाला द्यायचं. दवाखान्यात सांगितलं हुतं त्यांनी मला. मी न्हाई म्हनले."

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली.  मग दादा म्हणाले, "मला बी सांगितलं हुतं तिनं. मी बी न्हाईच म्हनलो." पुढं म्हणाले, "मग धाकट्याला बलवून घेतलं हुतं. त्यो बी न्हाई म्हनला."

आमचे हे मला यातलं आजवर काही बोलले नाहीत.

"आन रेखा काय म्हनली?" मी विचारलं.

"तिला कोन इचारलंय?" दादांचा आवाज फाटला. "तूच इचार. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." आणि त्यांनी हाक मारली. रेखा आली, "काकी?" म्हणाली. मी म्हटलं, "आईचं वर्ष हाय यंदा. येतीस का?"

ती एक क्षणही थांबली नाही. "कवा निघू?" म्हणाली.

ती अक्षय तृतीयेच्या आत पोचेल. ह्यांची कुरकुर मी बघून घेईन, वर्षभर तिच्यासोबत इथं कोण राहायचं तेही बघू. पण अक्का, कालपासून माझ्या डोक्यात फिरतंय ते यातलं काही नाही. त्या खोलीत तुम्ही एकेकाला आत बोलावत होता आणि एकेकाचा हात धरून तेच मागत होता. आम्ही एकेक जण आत येऊन नाही म्हणत होतो, बाहेर येत होतो, आणि बाकड्यावर बसून, आतलं काही न बोलता, एकमेकांच्या हातात चहाचे कप देत होतो.